चाळीस वर्षं गाडी चालवली, आता पोरगा म्हणतो लायसन्स रिन्यू करू नका. तुम्ही कधी आणि कसं ठरवलं?

सातपुडा_पायथा

नमस्कार मंडळी. राहणार शिरपूर तालुका, वय ६६. १९८३ ला पशुसंवर्धनात लागलो, २०१७ ला रिटायर झालो, पशुधन पर्यवेक्षक होतो पण गावोगावी लोक आजही ढोरांचा डॉक्टरच म्हणतात. बोराडी, सांगवी, पळासनेर, तिकडे चोपड्याच्या बाजूला लासूर, सत्रासेन पर्यंत सगळा पायथा गाडीवर केलेला आहे. माझं लायसन्स येत्या फेब्रुवारीत संपतंय. पोरगा नाशिकला असतो, दिवाळीला आला तेव्हा सरळ बोलला की आता रिन्यू करू नका, स्प्लेंडर विकून टाकू, कुठे जायचं असेल तर रिक्षा सांगा नाहीतर पुतण्याला सांगा. तो चुकीचा बोलला असं मी म्हणत नाही. पण तेव्हापासून झोप नीट लागत नाहीये म्हणून इथे विचारतोय.

पहिली गाडी १९८४ ला सेकंडहँड राजदूत. दूधवाल्याकडूनच घेतली होती, मागे कॅन लटकवायचे लोखंडी हुक तसेच होते आणि तेच माझ्या कामाला आले. कारण मागे नायट्रोजनचा कंटेनर बांधावा लागायचा, गायी-म्हशी भरवायच्या वीर्यकांड्या त्यात असतात, उणे १९६ डिग्रीला. तो कंटेनर आडवा होऊन चालत नाही आणि त्याचं झाकण घट्ट लावून पण चालत नाही, गॅस बाहेर जावा लागतो, म्हणून खड्ड्यात गाडी आदळली की मागून पांढरा धूर निघायचा आणि पाड्यावरची पोरं अर्धा किलोमीटर पळत यायची गाडीमागे. गाय सकाळी माजावर आली तर संध्याकाळपर्यंत पोचावंच लागतं, उशीर झाला की एकवीस दिवस गेले आणि त्या घरचं तेवढं दूध लांबलं. म्हणून पाऊस असो काही असो, निघायचं.

पावसाळ्यात काळी माती चाकात अशी भरायची की चाक फिरणं बंद. पुढचं मडगार्ड जूनमध्येच काढून घरी ठेवायचो, आणि डिक्कीत एक बाभळीची काठी, माती खरवडायला. दिवा सहा व्होल्टचा, रेस केली तर उजेड आणि हळू केलं की काजवा. अनेर नदीच्या फरशीवर, म्हणजे बुटक्या पुलावर, पाणी असलं की मी ह्या काठाला गाडी चालू ठेवून रेस करत उभा राहायचो, म्हणजे त्या काठाच्या माणसाला उजेड दिसावा की डॉक्टर आलेत, थांबलेत. पाणी उतरलं की जायचं. एकदा पहाटे चारला उतरलं. म्हैस वाचली, पारडू नाही वाचलं.

मग ९३ ला सीडी १०० घेतली, तिच्यावर पंधरा वर्षं. २००८ ला स्प्लेंडर, ती आजही आहे, २०२३ ला पंधरा वर्षं झाली तेव्हा पासिंग करून पुढची पाच वर्षं वाढवून घेतली.

आता खरी गोष्ट, जी घरी कोणालाच सांगितलेली नाही. मागच्या महिन्यात चोपड्याहून संध्याकाळी येत होतो, अंधार नुकता पडलेला, समोरून गाडी आली तिच्या त्या पांढऱ्या लाईटने डोळे दिपले आणि ती गाडी पास झाल्यावर पुढे एकदम कपाशी भरलेली ट्रॉली. मागे लाईट नाही, रेडियम नाही. कशी दाबली गाडी मलाच माहीत, कपाशी माझ्या खांद्याला घासून गेली. घरी येऊन हातपाय धुतले, जेवलो, काही बोललो नाही. चूक ट्रॉलीवाल्याची आहेच पण दहा वर्षांपूर्वी ती ट्रॉली मला दिसली असती, हे मला कळतंय.

मला "वयाचं काय एवढं, बिनधास्त चालवा" असं उत्तर नको आणि "आप्पा आता आराम करा" हे पण नको, ते घरी मिळतंय. ज्यांनी तीस-चाळीस वर्षं चालवली त्यांनी सांगा की तुम्ही ठरवलं कसं. थांबलात तर काय बघून थांबलात. चालवत असाल तर काय बदललं. माझ्यासाठी गाडी म्हणजे शौक कधीच नव्हता, लडाख-बिडाख काही केलं नाही, कधी फिरायला म्हणून तोरणमाळला सुद्धा गेलो नाही, गेलो ते ढोरांच्या लसीकरणाच्या कॅम्पला. माझ्यासाठी गाडी म्हणजे कोणाला न विचारता उठून जाता येणं. तेच जातंय असं वाटतंय.

लोको_नाना_भुसावळ

आप्पा, तुमचं पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं. मी रेल्वेत ३४ वर्षं इंजिन चालवलं, वय ६९, आणि घरी १९८६ ची बुलेट. म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

रेल्वेत आम्हाला कोणी विचारत नाही की तुम्हाला दिसतंय का. ठरलेल्या मुदतीने मेडिकलला जावंच लागतं, वय वाढतं तशी मुदत कमी होत जाते, आणि डोळ्यात बसला नाही तर इंजिनवरून खाली. आमच्या बरोबरीचे चांगले चांगले ड्रायव्हर एका दिवसात ऑफिसला बसवलेले मी बघितलेत, फार वाईट वाटायचं तेव्हा, पण मागे शेकडो माणसं झोपलेली असतात. रोडवर मात्र हे सगळं आपल्यावर सोडलेलं आहे. चाळिशीनंतर फॉर्म १-अ वर डॉक्टरची सही लागते पण ती सही कशी मिळते ते आपण सगळे जाणतो. माझ्या मागच्या रिन्यूअलला डॉक्टरने मान वर करून माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. मला ते आवडलं नाही. मी स्वतः पैसे भरून डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो, तर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला.

तुम्ही जे सांगताय ना, समोरच्या लाईटने दिपणं आणि गाडी गेल्यावर दोन-तीन सेकंद काहीच न दिसणं, ते जवळपास शब्दाशब्दाने माझंच आहे. लाईटच्या भोवती गोल कडं दिसतं का बघा. ऑपरेशन झालं, दोन महिन्यांनी रात्रीचं चालवून बघितलं, फरक आहे, खूप आहे, पण विशीतले डोळे परत येत नाहीत. लायसन्सच्या अर्जात एक प्रश्न असतो, २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, आपण सगळे न बघता हो लिहितो. २५ मीटर म्हणजे साधारण तीस-पस्तीस पावलं. उद्या सकाळी अंगणात उभे राहा, चष्मा लावून, एक डोळा हाताने झाका मग दुसरा झाका. बघा वाचता येते का.

दुसरी गोष्ट बुलेटची. ज्यांनी जुनी चालवली त्यांना माहिती, गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. किक मारायच्या आधी अँपमीटरचा काटा मध्ये आणायचा, डीकॉम्प, म्हणजे इंजिनातला दाब सोडायचा खटका, दाबायचा, मग एक मनापासून किक. चुकलं तर किक उलटी येते, माझ्या पोटरीवर त्याची खूण आहे. तीस वर्षं पायाला ती सवय. मुलाने नवीन बुलेट घेतली, तिला सगळं उलटं, ब्रेक उजवीकडे. शांतपणे चालवताना काही अडचण नाही, डोकं लक्षात ठेवतं. पण यावल रोडला एकदा कुत्रं आडवं आलं तेव्हा डोकं नाही, पाय धावला, आणि पाय धावला तो डावा. दाबला गेला गियर. कुत्रं वाचलं, मी पण वाचलो, पण त्या दिवशी मुलाला चावी परत दिली आणि सांगितलं की ही गाडी माझी नाही. ह्या वयात दोन प्रकारच्या गाड्या आलटून पालटून चालवू नयेत, हे माझं पक्कं मत झालंय.

आता मी काय करतो. रात्रीचं बंद. हायवे बंद, जुना सहा नंबर आता ५३ झालाय, चौपदरी झाल्यावर स्पीड वाढला आणि कट लांब लांब गेले म्हणून लोक राँग साईडने येतात, तिथे आपलं काम नाही. सकाळी सात ते दहा, गावातल्या गावात आणि वावरापर्यंत. ही यादी मीच केली, मुलाने नाही. आणि मुलाला एक दिवस मागे बसवलं, सांगितलं की वीस किलोमीटर तोंडातून शब्द काढायचा नाही, घरी आल्यावर बोलायचं. आमच्याकडे इन्स्पेक्टर इंजिनमध्ये येऊन बसायचा ना, तसंच. मुलगा घरी आल्यावर म्हणाला की नाना तुम्ही उजवीकडे वळताना मान पूर्ण फिरवत नाही. खरं होतं. मान फिरतच नाही, मणक्याचा त्रास आहे. दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावले.

तुम्ही पण मुलाला मागे बसवा. त्याला भीती कशाची वाटते ते त्यालाच नक्की माहीत नसेल.

पांझराकाठ

आप्पा, समदं वाचं भो. त्या काठले रेस करीसन उजेड दावानं वाचं नि डोयामा पानी उनं. मना बाप बी असाच व्हता, एमएसईबीमा लाईनमन, येझदीवर. मी काय सल्ला देऊ, लिव्हत ऱ्हा.

नर्सबाई_तळोदा

मी ANM, म्हणजे सरकारी नर्स होते, तळोदा तालुक्यात आरोग्य उपकेंद्राला, २०२१ ला निवृत्त झाले, वय ६२. इथे सगळे भाऊच लिहितायत म्हणून मी पण लिहिते.

१९९१ ला लूना घेतली. घरून विरोध होता, सासरे म्हणाले बाईमाणूस गाडीवर बरं दिसत नाही, आणि पहिले सहा महिने प्रत्येक गावात पारावरची माणसं बोलणं थांबवून बघत राहायची. पदर खोचायचा, साडी गार्ड लावलेलं असायचं तरी एकदा निऱ्या चेनमध्ये गेल्याच, शाळेच्या मास्तरांच्या बायकोने कात्रीने साडी कापून सोडवलं. पायाशी व्हॅक्सिन कॅरियर, त्यात चार आईसपॅक. लस दोन ते आठ डिग्रीत राहिली पाहिजे आणि बाहेर मे महिन्याचं ४४. वडाखाली, चिंचेखाली थांबत थांबत जायचं, उन्हात कॅरियर ठेवायचा नाही, स्वतः उन्हात उभं राहायचं. चढ आला की लूनाला पायडल मारून मदत करायची. चांदसैली घाटात ती चढायचीच नाही, पायथ्याला एका टपरीवर ठेवायची आणि जीप नाहीतर पायी. ९५ ला पल्स पोलिओ सुरू झाल्यावर तर रविवारचे रविवार त्या पाड्यांवर गेलेत. लूनाचा आवाज ओळखून बाया लेकरं घेऊन दारात यायच्या, हाक मारावी लागायची नाही. २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा मी लूना केव्हाच विकलेली होती, स्कूटी होती, तरी मला लूनाचीच आठवण आली.

आप्पा, तुम्ही लिहिलंत की कोणाला न विचारता उठून जाता येणं. माझ्या वयाच्या बायकांना विचारा ते काय असतं. माझ्या आईला माहेरी जायला तीन माणसांची परवानगी आणि एका माणसाची सोबत लागायची. मला लूना आल्यावर ते पहिल्यांदा मिळालं, ते मी सहज सोडणार नाही, आणि तुम्ही पण सोडू नका असं मला मनापासून वाटतं. पण सोडू नका म्हणजे गाडी तीच ठेवा असं नाही. नाना म्हणतात ते बरोबर आहे.

गुडघे दुखायला लागले तेव्हा मी मागच्या वर्षी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. किक नाही, गियर नाही, क्लच नाही, दोन्ही ब्रेक हातात. रिव्हर्स पण आहे, उतारावर तोंड करून लावलेली गाडी मागे ओढायला आधी कोणाला तरी हाक मारावी लागायची ती आता लागत नाही. चढाला बॅटरी लवकर उतरते हे लक्षात ठेवायचं, सपाटीवर जेवढी जाते तेवढी सातपुड्याकडे तोंड केल्यावर जात नाही. आणि आवाज अजिबात नाही, गल्लीत ढोरांना, म्हाताऱ्यांना कळतच नाही मागून गाडी आलीय, म्हणून मी कोपऱ्यावर हॉर्न देतेच देते. ज्यांची गाडी २५० वॉटच्या आतली आणि २५ स्पीडच्या आतली असते तिला लायसन्स लागत नाही, दुकानदार हे फार जोरात सांगतात. पण ज्याला लायसन्ससाठी दिसत नाही त्याला त्या गाडीवर पण दिसणार नाही, एवढं ध्यानात ठेवा. डोळे आधी.

केळीबाग_सावदा

मी थांबलो. २०१९ ला, वय तेव्हा ६३.

केळीचा धंदा, पहाटे साडेचारला घर सोडायचं, बागेत कापणी सुरू व्हायच्या आत पोचायचं, नवती म्हणजे नवी लागवड असो की पीलबाग म्हणजे खोडव्याची बाग. येझदी होती माझ्याकडे, नंतर दुसरी घेतली पण जीव येझदीत. तिची किक तीच पुढे पाडली की गियर व्हायची, नवीन माणसाला सापडायचीच नाही कुठे काय आहे ते, म्हणून गाडी कुठेही लावा, चोरीची चिंता नाही. सावदा, फैजपूर, यावल, रावेर, बऱ्हाणपूरपर्यंत. आमचा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रोड किती खराब ते इथे सगळ्यांना माहिती आहे, त्या रोडवर तीस वर्षं पाठ मोडून घेतली.

मला शुगर आहे वीस वर्षांपासून. पायाला मुंग्या यायच्या, मग मुंग्या येणं पण बंद झालं, मला वाटलं बरं वाटायला लागलं. एक दिवस बागेतून निघून फैजपूरला आलो, चहाच्या टपरीवर उतरलो तर टपरीवाला म्हणतो काका एक चप्पल कुठे? उजव्या पायात चप्पलच नव्हती. कुठे पडली, केव्हा पडली, काहीच कळलं नव्हतं. आणि तो उजवा पाय ब्रेकवर होता. म्हणजे सात-आठ किलोमीटर मी ब्रेकवर पाय ठेवून आलो आणि मला तो पायच कळत नव्हता. पाय दाबतोय की नुसता ठेवलाय, कळत नव्हतं.

चहा प्यालो. भाच्याला फोन केला, ये म्हटलं. त्याच्या मागे बसून घरी आलो. त्यानंतर गाडीला हात लावला नाही.

कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरला नंतर दाखवलं तर ते म्हणाले शुगरने पायाच्या नसा गेल्यात. ज्यांना शुगर आहे त्यांनी डोळ्यांसारखाच पाय पण तपासून घ्या, डॉक्टर एक बारीक दोरा टेकवून विचारतात कळतंय का, पाच मिनिटांचं काम आहे. डोळे बंद करून घरी पण बघता येतं, नातवाला सांगा कोणत्या बोटाला हात लावलाय ते विचार.

थांबल्यावर काय होतं ते पण सांगतो कारण आप्पांनी विचारलंय. पहिलं वर्ष खूप वाईट गेलं. पहाटे साडेचारला जाग यायचीच. भाचा चांगला आहे पण त्याला वेळ असेल तेव्हा निघायचं, बाग बघून घाईत परत यायचं, वाटेत कोणी भेटलं तर थांबता येत नाही कारण त्याला काम असतं. मी ओट्यावर बसून येणाऱ्या जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचो. आता सवय झाली. झाली म्हणजे काय, दुखतं ते कमी झालं. पण निर्णय बदलला असता का तर नाही. त्या रोडवर शाळेची पोरं सायकलीने जातात.

गॅरेज_धरणगाव

नमस्कार. ४१ वर्षं गॅरेज आहे. राजदूत, येझदी, आरएक्स, सीडी हंड्रेड, डिझेल बुलेट, सगळं ह्या हाताखालून गेलंय. आप्पा तुमच्या पोस्टने मला सायलेन्सर जाळायची आठवण झाली, टू स्ट्रोकची काजळी बसली की गाडी गुदमरायची, मग सायलेन्सर काढून विस्तवात टाकायचा, पुंगळी साफ करायची. आणि प्रत्येकाच्या खिशात एक जादाचा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा. आता पोरांना प्लग कुठे असतो ते पण माहीत नसतं, त्यांची चूक नाही, गाड्याच तशा आल्या.

मी माणूस बघत नाही, गाडी बघतो. साठीच्या पुढच्या माणसाची गाडी सर्व्हिसिंगला आली की मला दोन ठिकाणी कळतं. एक, मागचे ब्रेक लायनर संपलेले असतात आणि पुढचे नव्यासारखे. कारण त्या पिढीला शिकवलंच असं होतं की पुढचा ब्रेक धरला की माणूस तोंडावर पडतो. कच्चा रस्ता, मुरूम, चिखल होता तेव्हा ते ठीक होतं. डांबरी रोडवर गाडी थांबवायचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो, सगळा भार पुढे येतो ना. आप्पा तुमची ट्रॉली वाचली ती नशिबाने, पुढचा ब्रेक धरला होता का आठवून बघा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसी पर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक आहे, मागचा दाबला की पुढचा पण थोडा लागतो, आणि १२५ च्या वरच्यांना एबीएस. तुमची २००८ ची आहे, तिला यातलं काहीच नाही. मोकळ्या मैदानात जाऊन दोन्ही ब्रेक सोबत धरायची सवय करा, हळूहळू, पन्नास वेळा. सवय पायाला लागते तशी हाताला पण लागते.

दुसरं, डावीकडचं लेगगार्ड घासलेलं. हे चालती गाडी पडल्याचं नसतं. उभी गाडी पडल्याचं असतं. माणूस थांबतो, पाय टेकवायला जातो, खाली वाळू नाहीतर उतार, गुडघा भार घेत नाही आणि गाडी आडवी. लोक लाजेने सांगत नाहीत, पण गार्ड सांगतं. आणि ह्या वयात खुब्याचं हाड अशा साध्या पडण्याने पण मोडतं. गार्डवर नवीन खरचटलेलं दिसलं की मी घरच्यांना नाही, त्या माणसालाच बाजूला घेऊन विचारतो की काका गाडी जड होतेय का. सीट थोडं कापून खाली करता येतं, मागचं शॉकअप सॉफ्ट करता येतं, एवढ्याने पाय पूर्ण टेकतो आणि चार-पाच वर्षं निघतात कधी कधी.

टायर पण बघा. रोज पाच किलोमीटर चालवणाऱ्याचं टायर घासत नाही, दिसायला नवं, पण रबर वाळून दगड होतं आणि पहिल्या पावसात सटकतं. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षं झाली की बदला, नक्षी कितीही असो. आणि जुन्या गाड्यांचे पेट्रोलचे रबरी पाईप, आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, जुनं रबर त्याने लवकर तडकतं, वर्षातून एकदा बदलून टाका, शंभर रुपयाच्या आतलं काम.

पुणे_पण_मूळ_एरंडोल

मी बाकी सगळ्यांपेक्षा लहान आहे, ३८. दोन वर्षांपूर्वी मी बाबांची चावी घेऊन पुण्याला निघून आलो होतो. भीतीने केलं, फागणे-तरसोद हायवेच्या चौपदरीचं काम चालू होतं तेव्हा रोज कुठला ना कुठला अपघात कानावर यायचा. बाबा काही बोलले नाहीत, पण माझ्याशी फोनवर बोलणं "हं", "बरं" एवढंच उरलं. तीन महिन्यांनी घरी गेलो तर कळलं की ते पद्मालयाला चतुर्थीला जायचे ते बंद झालं, मित्राकडे जाणं बंद, कटिंगला पण न्हावी घरी येतो. चावी परत दिली. पण भीती काही गेली नाही माझी. नाना, तो मागे बसायचा प्रकार मी ह्या सुट्टीत करणार आहे. आप्पा, तुमच्या मुलाच्या बाजूने एवढंच सांगतो की त्याला पण झोप येत नसेल. त्या ट्रॉलीचं त्याला सांगा. आम्हाला काय झालं ते कधीच कळत नाही, म्हणून आम्ही सगळंच बंद करायला निघतो.

नर्सबाई_तळोदा

एरंडोलचे दादा, चावी परत दिलीत हे फार चांगलं केलंत. आणि खरंय तुमचं, आप्पा, पोराला सांगा.

सातपुडा_पायथा

सगळ्यांचे आभार. आठ दिवसांनी लिहितोय, मध्ये बरंच काही केलं म्हणून.

नाना, अंगणात तीस पावलं मोजून नंबर प्लेट बघितली. उजव्या डोळ्याने वाचली. डाव्याने पुढचे अक्षर वाचले, आकडे नाही. दोनदा केलं, सकाळी आणि दुपारी, तेच. धुळ्याला जाऊन डोळे दाखवले, मोतीबिंदू आहे, डावा पिकलाय, उजव्यात सुरुवात. पुढच्या महिन्यात डाव्याचं ऑपरेशन. शुगर नाही मला, पण केळीबाग भाऊ तुमचं वाचून पायाचं पण करून घेतलं, नीट आहे. तुमची चप्पलेची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये. तुम्ही त्या टपरीवरून फोन केलात, मी ट्रॉलीनंतर घरी येऊन गुपचूप जेवलो. हा फरक मला कळला.

धरणगावचे भाऊ, पुढचा ब्रेक धरला नव्हता. तुम्ही विचारलं म्हणून आठवून बघितलं आणि पाय एवढ्या जोरात दाबला होता की दुसऱ्या दिवशी मांडी दुखत होती, हात मोकळाच होता. चाळीस वर्षं असंच चालवलंय. लेगगार्डवर पण खरचटलेलं आहे, हो, दोनदा पडलीय उभी असताना, एकदा मंदिराजवळ, एकदा आपल्याच खळ्यात.

मुलाला शनिवारी फोन करून ट्रॉलीचं सांगितलं. खूप वेळ गप्प होता. मला वाटलं आता रागावेल. म्हणाला आप्पा, मला तेव्हाच का नाही सांगितलं, मी निघून आलो असतो. रविवारी आला पण. त्याला मागे बसवलं, नानांसारखंच सांगितलं की बोलायचं नाही. सकाळी आठला निघालो, बोराडीच्या रोडने. मुद्दाम त्या रोडने गेलो. दोन ठिकाणी लोकांनी हात केला, एक जण तर आडवाच आला रस्त्यात, त्याच्या घरी १९९८ ला मी भरवलेल्या कालवडीची पणती आता दुभती आहे, चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. पोराने हे कधी बघितलेलंच नव्हतं. तो लहान होता तेव्हा मी पहाटे निघायचो आणि तो झोपल्यावर यायचो, माझं काम म्हणजे त्याला पेट्रोल आणि शेणाचा वास असलेला शर्ट एवढंच माहिती.

घरी आल्यावर तो म्हणाला की समोर गाडी आली की तुम्ही रस्ता सोडून फार खाली उतरता, साईडपट्टीवर, आणि तिथे मुरूम आहे. आणि स्पीड ब्रेकर दोन वेळा उशिरा दिसला. बाकी बरं चालवता म्हणाला. मग आम्ही बसून ठरवलं. लायसन्स रिन्यू करायचं, पण ऑपरेशननंतर डोळ्याच्या डॉक्टरने लिहून दिल्यावरच, सही विकत आणायची नाही. तोपर्यंत गाडी बंद, पूर्ण बंद. त्यानंतर दिवस मावळल्यावर नाही, मुंबई-आग्रा हायवे नाही, सावळद्याचा तापीचा पूल ओलांडायचा नाही. मे महिन्यात अकराच्या पुढे बाहेर नाही. वावर, दवाखाना, बाजार, आणि बोराडीचा रोड सकाळचा. बोराडीचा त्याने स्वतःहून घातला यादीत.

स्प्लेंडर विकायची का ह्यावर अजून ठरलं नाही. पोरगा म्हणतो विकू नका, मी ठेवतो. मला ती किक मारताना आता गुडघ्यात कळ येते आणि सेल्फ तिला नाही. म्हणून तळोद्याच्या ताईंना विचारायचं होतं, तुमच्या त्या इलेक्ट्रिक गाडीचं सीट जमिनीपासून किती उंच आहे ते तेवढं टेपने मोजून सांगा. माझी उंची पाच फूट तीन आहे आणि दोन्ही पाय पूर्ण टेकायला पाहिजेत. आणि एका चार्जिंगमध्ये चढाच्या रोडला खरे किती किलोमीटर निघतात ते पण, मला शिरपूर ते बोराडी जाऊन येऊन करायचंय.